केतकी वेल्सकडून खेळणार होती

न्यूझीलंडहून आलेले लोक फोटो दाखवतात. डोंगर, तळी, मेंढ्या, आणि मेंढ्यांसमोर गॉगल लावून उभे असलेले स्वतः. माझ्याकडेही फोटो आहेत, पण त्यातले बरेचसे हॅमिल्टनच्या हॉस्पिटलच्या एका खिडकीतून काढलेले आहेत आणि त्यांत धुक्याशिवाय काही दिसत नाही. तरीही लिहायला बसले आहे. पुण्यातल्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. न्यूझीलंड हा देश आम्ही दीड पानात उरकायचो: लोणी, लोकर आणि भूकंप. जाऊन आल्यावर निदान त्याहून थोडं जास्त सांगता यायला हवं.

ऑकलंड ते हॅमिल्टन

मी पोचले ती जुलैमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात. विमानतळावरच्या बाईंनी माझ्या बॅगेतले सांडगे आणि कुयरीचं लोणचं कचऱ्यात टाकलं, आणि ते इतक्या गोड आवाजात माफी मागून टाकलं की भांडताही येईना. बाहेर धाकटी बहीण सुनंदा आणि तिचा नवरा अविनाश उभे होते. तो हॅमिल्टनला दवाखाना चालवतो, ती एका औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. वाटेत टाकानिनीला त्यांच्या स्नेह्यांकडे, कुलकर्ण्यांकडे, पोहे खाल्ले. एकसारख्या नव्या घरांची ओळ, प्रत्येक दारात गाडी, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. माणसं कुठे आहेत, असं विचारलं तर अविनाश म्हणाला, “ताई, हीच गर्दी.”

हॅमिल्टन जवळ आलं तसं धुकं उतरलं. नदीकाठचं गाव आहे, हिवाळ्यात धुकं दुपारपर्यंत हटत नाही. घरं लाकडाची, आणि इतक्या थंडीच्या देशात ती उबदार ठेवायची रीतच नाही. सकाळी खिडक्यांच्या काचा आतून ओल्या असायच्या आणि सुनंदा रोज टॉवेल घेऊन त्या पुसायची. अंथरुणात विजेवर तापणारी चादर. पहिल्या दिवशी मी तिच्यावर झोपायला नकार दिला, दुसऱ्या दिवशी तिच्यावरून उठायला.

मी गेले होते ती केतकीसाठी. केतकी ही सुनंदाची एकुलती एक मुलगी, विद्यापीठात शिकणारी. त्या गारठ्यात ती अर्ध्या चड्डीत आणि रबरी चपलांत दारात उभी होती. त्या चपलांना तिथे जँडल्स म्हणतात आणि बारा महिने घालतात. तिने मला चक्क उचललं.

“मावशी! यू आर सो टायनी!”

“खाली ठेव आधी. आणि मराठीत बोल की गं.”

“आय अंडरस्टँड एव्हरीथिंग, ओके?” असं म्हणून ती हसत सुटली.

खरंच तिला सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. तिचा जन्म वेल्समधला. अविनाश तेव्हा तिथे शिकत होता. शाळेत जाईपर्यंत ती फक्त मराठी बोलायची, आणि नुसती बोलायची नाही, तोंडाला टाळा लावावा लागायचा. मग शाळेतल्या बाईंनी सुनंदाला बोलावून सांगितलं की घरी इंग्रजी बोला, मुलगी मागे पडतेय. हे दोघं आज्ञाधारक. त्यानंतर न्यूझीलंडला आले, पोरगी इंग्रजीच झाली, आणि सुनंदाच्या मनात ते कायम सलत राहिलं. फोनवर मला म्हणायची, “ताई, माझ्या पोटची पोर माझ्याशी परक्यासारखी बोलते.”

आता मुद्द्याचं. युरोपात दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा देश एकमेकांशी रग्बी खेळतात. पुरुषांचे सामने साऱ्या जगात दिसतात. त्याच दिवसांत बायकांचेही सामने होतात, पण ते बघायला खेळाडूंचे आईबाप आणि कुत्री असतात, असं केतकी म्हणायची. पैसे मिळत नाहीत, उलट नोकरीतून रजा काढून खेळायचं. न्यूझीलंडच्या बायका या खेळात जगज्जेत्या, त्यांच्या संघात जागा मिळणं अवघड. पण केतकी वेल्समध्ये जन्मली होती, त्यामुळे तिला वेल्सकडून खेळता येत होतं. तिथल्या लोकांनी तिच्या सामन्यांच्या चित्रफिती मागवल्या, बघितल्या, आणि ये म्हणाले. ऑक्टोबरात जायचं, हिवाळाभर तिथल्या एका क्लबात खेळायचं, आणि सगळं ठीक झालं तर फेब्रुवारीत वेल्सची लाल जर्सी घालायची. तिकीट काढून झालं होतं. घरात दुसरा विषय नव्हता. तिला पाठवण्यासाठी म्हणून मी आले होते, आणि लाडू करायचं काम माझ्याकडे होतं.

मैदान

रग्बी मी आयुष्यात बघितलं नव्हतं. केतकीने जेवणाच्या टेबलावर चमचे-वाट्या मांडून मला समजावलं. ती फुलबॅक, म्हणजे सगळ्यांच्या मागे एकटी उभी राहणारी. पुढच्या चौदाजणींना चुकवून कोणी आली की तिला पाडायचं काम हिचं. “आणि तुला चुकवून गेली तर?” असं मी विचारलं. “देन वी आर स्टफ्ड, मावशी.” म्हणजे संपलंच सगळं.

ऑगस्टमध्ये त्यांच्या क्लबची अंतिम लढत होती. श्रावणातला शनिवार. मी उपासाचा रताळ्याचा कीस डब्यात घेतला. तिथल्या रताळ्याला कुमरा म्हणतात आणि ते आपल्यापेक्षा गोड असतं. मैदान म्हणजे नुसता चिखल. एका तंबूत पावाच्या तुकड्यात सॉसेज गुंडाळून विकत होते, मुलींच्या आया मध्यंतरासाठी संत्री चिरत होत्या. एकीने माझ्या हातात सुरी दिली, कोण-कुठली न विचारता. मला ते आवडलं. आपल्याकडे आधी आडनाव विचारलं असतं, मग संत्रं दिलं असतं.

मेरे नावाची केतकीची मैत्रीण होती, माओरी, दरवाजाएवढी रुंद, तिच्याच वर्गातली. तिने माझा कीस चाखला आणि म्हणाली, “आँटी, धिस इज मीन.” मी हिरमुसले, तर सुनंदाने सांगितलं की ही इथली शाबासकी आहे.

खेळ बघणं सोपं नव्हतं. हाडावर हाड आपटल्याचा आवाज बाहेरपर्यंत येतो. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या संघातली एक उंच मुलगी सगळ्यांना चुकवून सुटली आणि मागे एकटी केतकी. तिने स्वतःला तिच्या पायांत झोकून दिलं. ती मुलगी पडली, पण पडताना तिचा गुडघा केतकीच्या डाव्या कानशिलावर बसला. केतकी उठली, दोन पावलं भलत्याच दिशेला गेली, मग स्वतःच हसली आणि जागेवर जाऊन उभी राहिली. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांचा संघ जिंकला.

सामना संपताच अविनाश आत गेला. त्याने तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला, बोटं मोजायला लावली, गुण किती झाले विचारलं. तिने बरोबर सांगितले. “आय अॅम फाइन, डॅड, स्टॉप इट.” तोही निवांत झाला. मग दोन्ही संघ क्लबच्या खोलीत एकत्र जेवायला गेले. तासाभरापूर्वी एकमेकींना चिखलात लोळवणाऱ्या मुली एकमेकींना बटाटे वाढत होत्या. आम्ही घरी निघालो. केतकी मागाहून मेरेच्या गाडीतून येणार होती.

शनिवारची संध्याकाळ

ती आली तेव्हा मी ओट्याशी होते. मागून आवाज आला, “मावशी, मला भूक लागलीये.”

मी वळून पाहिलं. सुनंदाच्या हातातला डाव हातातच राहिला.

“काय म्हणालीस?”

“भूक लागलीये ना. काय केलंयस?”

इतकं स्वच्छ मराठी, आणि तेही लहानपणीच्या हेलात. मी तिला कडकडून मिठी मारली. जेवताना ती बोलतच राहिली. वरणभात बघून म्हणाली, “आई, कालवून दे ना.” वीस वर्षांची घोडी, पण सुनंदाने हात धुतले, भातावर तूप घातलं, कालवला आणि ताट तिच्यापुढे ठेवलं. केतकीने काटा-चमचा बाजूला सारून हाताने खाल्लं. अविनाशने गमतीत इंग्रजीतून विचारलं, वेल्सला गेल्यावर कोण वरणभात देणार. ती म्हणाली, “मी नाही जाणार. इथेच बसणार.” आम्ही सगळे खो खो हसलो. अविनाश म्हणाला, “जे आपल्याला इतक्या वर्षांत जमलं नाही ते एका फायनलने केलं.” सुनंदाच्या डोळ्यांतून आनंदाने घळाघळा पाणी येत होतं. तिने मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि हळूच म्हणाली, “ताई, तू आलीस म्हणून हे झालं.” ते ऐकून मी इतकी फुगले की काय सांगू.

मग केतकी म्हणाली, “डोकं दुखतंय.” सामन्यानंतर कोणाचं दुखत नाही? सुनंदाने गोळी दिली. मी खोबरेल कोमट केलं, तिला माझ्या पायांशी बसवलं आणि तिच्या केसांत तेल जिरवलं. डाव्या बाजूला थोडं फुगलं होतं, तिथून हात हलका फिरवला. ती डोळे मिटून बसली होती. “मावशी, अजून,” म्हणाली. तिन्हीसांजेलाच तिला झोप आली आणि ती जाऊन झोपली.

त्या संध्याकाळी त्या घरात एक डॉक्टर होता, एक फार्मसिस्ट होती आणि एक शहाणी मावशी होती. तिघांनाही त्या दिवसासारखं सुख कितीतरी वर्षांत मिळालं नव्हतं.

रविवार

सकाळी मेरे आली. केतकीच्या बुटांची पिशवी तिच्या गाडीत राहिली होती.

“किया ओरा, आँटी. हाऊज केट?” त्यांच्यात तिला केट म्हणत.

अजून उठली नाही, असं सुनंदा म्हणाली. मेरे दारातच घुटमळली. मग जरा ओशाळून बोलली. तिच्या इंग्रजीचा अर्थ असा: काल गाडीत केट माझ्याशी तुमच्या भाषेत बोलत होती. हीप्स, म्हणजे खूपच. मी म्हटलं, मेट, मला नाही कळत, इंग्लिशमध्ये बोल. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलतेय. मला वाटलं चेष्टा करतेय. पण रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

अविनाश चहाचा कप घेऊन मागे उभा होता. त्याने कप ठेवला तो टेबलाच्या बाहेर, आणि फुटल्याचा आवाज यायच्या आत तो केतकीच्या खोलीत पोचला होता.

ती घोरत होती. हाक मारली, चिमटा काढला, उठेना. उशीवर ओकारी होती. अविनाशने तिच्या पापण्या उघडल्या. एका डोळ्याची बाहुली बारीक होती, दुसऱ्याची मोठी. त्याने मेरेला ओरडून रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं. मी त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. तिच्या केसांना अजून माझ्या तेलाचा वास येत होता.

हॉस्पिटल

कवटीच्या आत डाव्या बाजूला रक्त साठलं होतं आणि मेंदू दाबला जात होता. तासाभरात शस्त्रक्रिया सुरू झाली. आत नेण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तिचं बोलणं कधीपासून बदललं? आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. “काल संध्याकाळपासून,” अविनाश म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि एक शब्दही न बोलता निघून गेल्या. त्या देशाची ही सभ्यता मला त्या दिवशी सोसली नाही. पुण्यातल्या डॉक्टरने आम्हाला फाडून खाल्लं असतं आणि मला ते बरं वाटलं असतं.

केतकी वाचली. कितीतरी दिवस नळ्यांत गुंतून पडली होती, मग डोळे उघडले, मग उजव्या हाताची बोटं हलली. आणि एका सकाळी ती बोलली. “आई, पाणी.”

परिचारिकेने आनंदाने इंग्रजीत काहीबाही विचारलं. केतकी तिच्याकडे नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. इंग्रजी गेलं होतं. विद्यापीठ, संघ, मैत्रिणी, विनोद, शिव्या, जिच्यात ती मोठी झाली ती सगळी भाषा गेली होती. राहिलं होतं ते पाच वर्षांच्या मुलीचं मराठी. “मला नको ना.” “दिवा लाव.” “तो काका कोण आहे?” दोन भाषांच्या माणसाला असा मार लागला की कधी कधी एकच उरते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दुसरी परत येईल, पण किती येईल ते सांगता येणार नाही.

माझं परतीचं तिकीट आम्ही रद्द केलं आणि व्हिसा वाढवून घेतला. सुनंदा नि मी आळीपाळीने तिच्याजवळ बसायचो, कारण तिचं बोलणं परिचारिकांना कळत नव्हतं आणि त्यांचं तिला. मी दुभाषी झाले. कुठे दुखतंय, संडासला जायचं का, हा हात वर कर. माझं इंग्रजी बेतास बात, पण एवढ्याला पुरलं.

माणसं भेटायला यायची. टाकानिनीचे कुलकर्णी दर रविवारी डबे घेऊन यायचे. ऑकलंडच्या न्यू लिनहून आलेल्या एक बाई, फार भल्या, केतकीचं बोलणं ऐकून गहिवरल्या आणि सुनंदाचा हात धरून म्हणाल्या, “अहो, निदान आपली भाषा तरी राहिली. देवाचीच कृपा.” सुनंदा उठून ओल्या खिडकीची काच पुसायला लागली.

मेरे येताना साऱ्या गोतावळ्यासह यायची: आई, काका, चुलत भावंडं. आपल्याकडे रुग्णाला भेटायला जाणारा सफरचंद देतो आणि सल्ला देतो. त्यांच्यातलं कोणी सल्ला देत नव्हतं. ते नुसते बसायचे. एकदा त्यांनी पलंगाभोवती उभं राहून त्यांच्या भाषेतलं एक गाणं म्हटलं, संघ जिंकल्यावर मुली म्हणायच्या ते. दुसऱ्या ओळीला केतकीचे ओठ हलले. मग आवाज आला. ती ते गाणं शेवटपर्यंत म्हणाली, एकही शब्द न चुकता, आणि संपल्यावर मला विचारलं, “मावशी, ही माणसं कोण आहेत?”

मेरेने विचारलं, काय म्हणतेय ती? मी सांगितलं, गाणं आवडलं म्हणतेय.

अविनाश रोज दवाखाना उरकून यायचा आणि पायथ्याशी बसायचा. तो तिच्याशी बोलायचा नाही. एकदा लिफ्टपाशी मला म्हणाला, “ताई, एखादा चिनी बाप मुलीला घेऊन दवाखान्यात आला असता आणि म्हणाला असता की डोक्याला लागल्यापासून ही फक्त घरची भाषा बोलतेय, तर मी तिला उभ्या उभ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं. बसूसुद्धा दिलं नसतं.” मी त्याला घरी नेलं आणि जेवायला वाढलं. त्याने खाल्लं नाही.

उन्हाळा

नाताळपर्यंत ती घरी आली. तिकडे तेव्हा उन्हाळा. धुकं गेलं, आकाश निळंशार झालं, आणि शेजारची मुलं पोहण्याचे कपडे घालून फवाऱ्याखाली नाचू लागली. देश सुंदर आहे, हे मला तेव्हा दिसलं. हिरवी टेकाडं, त्यांवर ठिपक्यांसारख्या गाई, संध्याकाळी सोनेरी उजेड. मला ते बघवत नव्हतं.

केतकीचा उजवा पाय थोडा ओढला जायचा. इंग्रजी तुकड्या-तुकड्याने येत होतं: येस, नो, मिल्क, मेट. शिकवायला एक बाई यायच्या, चित्रं दाखवायच्या. कुत्रा, खुर्ची, छत्री. केतकी घाम येईपर्यंत शब्द शोधायची, आणि सापडला नाही की मराठी शब्द सांगून माझ्याकडे बघायची, बरोबर ना म्हणून. सुनंदा आता तिच्याशी हट्टाने इंग्रजीच बोलायची. मुलीने “आई” म्हटलं की ती म्हणायची, “से मम, डार्लिंग. मम.” मी ते ऐकलं की बागेत जायचे.

डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद केला होता. केतकीला सांगितलं होतं आम्ही, पण तिला किती कळलं होतं कोण जाणे. फेब्रुवारीत युरोपातली स्पर्धा सुरू झाली. टीव्हीवर काही नव्हतं. मेरेने कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं की वेल्सचा पहिला सामना झाला आणि फुलबॅकला कुणी दुसरी मुलगी होती. तिने ते अविनाशला सांगितलं, हळू आवाजात, व्हरांड्यात. केतकी पायरीवर बसली होती. तिला त्यातला एक शब्द कळला.

“मावशी, वेल्स म्हणाली ना ती?”

“हो.”

“माझी मॅच कधी आहे?”

मी तीस वर्षं वर्गावर काढली आहेत. कुठल्याही प्रश्नाला तोंडावर उत्तर द्यायची मला सवय. त्या दिवशी ते अविनाशने दिलं. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला आणि शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा तिच्याशी नीट बोलला, आणि मराठीत बोलला. “काल झाली, बाळा. तुझी मॅच काल झाली.”

“आपण जिंकलो?”

त्याने तिचा उजवा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि चोळायला लागला.

पुणे

मार्चअखेर मी परत आले. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. न्यूझीलंड ऐकायचं होतं. मी लोणी, लोकर, धुकं, चिखलातली संत्री, सगळं सांगितलं. केतकीला बरं नव्हतं, एवढंच म्हटलं. ताटं उचलताना शेजारच्या वहिनींनी विचारलं, “आणि भाची? मराठी येतं का हो तिला?”

“येतं,” मी म्हटलं. “अगदी स्वच्छ बोलते.”

“वा! परदेशात राहून!” त्या म्हणाल्या, आणि सगळ्याजणी सुनंदाचं कौतुक करायला लागल्या. मी हात धुवायला म्हणून उठले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.